लहान मुलांसाठी ब्लॉकची गाडी: खाली पक्की, वर सुटी

दोन-अडीच वर्षांचं मूल गाडी कशी चालवतं हे एकदा जमिनीवर बसून नीट बघा, मग पुढचं सगळं पटकन समजतं. ते गाडीला बाजूने हलक्या हाताने धरत नाही. अख्खा पंजा वरून टाकतं, टपाला मूठ आवळतं, अंगाचा भार त्या हातावर देतं आणि गुडघ्यांवर रांगत भुर्रर्र करत रेटत नेतं. वळायचं असेल तर गाडी वळवत वगैरे नाही, टपाला धरून उचलतं आणि दुसऱ्या दिशेला तोंड करून परत आपटतं. म्हणजे त्या टपावर तीन प्रकारचा जोर येतो: खाली दाबणारा, पुढे रेटणारा आणि वर ओढणारा. दाबला तर ब्लॉकचा सांधा उलट घट्टच होतो, त्याची काळजी नको. ओढला की सुटतो. आणि रेटला तर काय होतं की गाडी जितकी उंच तितका तो वरचा हात कटावणीसारखा काम करतो आणि खालचा सांधा उचकटतो.

मी हे शिकले ते एका फायर ब्रिगेडच्या गाडीवरून. मुलगा दोन वर्षांचा होता, मी रात्री बसून त्याच्यासाठी तीस-पस्तीस ब्लॉकची गाडी बनवली, शिडी, दिवे, मागे पाइपचं रीळ, सगळं. सकाळी त्याने टपाला धरून एकदाच रेटली आणि वरचा मजला हातात, चाकं सोफ्याखाली. पण मला जे लक्षात राहिलंय ते वेगळं आहे. गाडी तुटली म्हणून तो रडला नाही, तुटल्यावर तर तो आधी हसला होता. तो रडला नंतर, जेव्हा त्याने स्वतः जोडायचा प्रयत्न केला, एक तुकडा इथे लावला, एक तिथे, आणि ती परत गाडीसारखी दिसेचना.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघते, आणि कुणी विचारलं तर हेच सांगते: लहान मुलाची ब्लॉकची गाडी कधीच तुटू नये असं काही नाही, तुटली तर त्या मुलाला स्वतःच्या हाताने परत जोडता आली पाहिजे. त्यासाठी तुकडे कमी हवेत, खालचा भाग पक्का हवा आणि वरचा भाग सहज सुटणारा हवा. खाली पक्की, वर सुटी. आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगते.

आधी ब्लॉकचा आकार

सगळ्यात आधी हे ठरवा कारण इथे चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं. मोठे ब्लॉक आणि बारीक ब्लॉक हे दोन वेगळे प्रकार धरा. मोठ्यांमध्ये सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे लेगो कंपनीचे ड्युप्लो, ते १९६९ पासून आहेत आणि नावाचाच अर्थ दुप्पट. साध्या लेगोच्या विटेपेक्षा लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, उंचीही दुप्पट, म्हणजे एका ड्युप्लोच्या विटेत साध्या आठ विटांची जागा मावते. आकडे हवे असतील तर साध्या विटेवर जे गोल उंचवटे असतात, ज्यांना स्टड म्हणतात, त्यांचं एकापासून दुसऱ्याचं अंतर ८ मिलिमीटर, ड्युप्लोत १६. विटेची उंची तिथे ९.६, इथे १९.२. मुलाच्या बोटांच्या हिशोबाने हा फरक प्रचंड आहे, दीड वर्षाच्या मुलाला मुठीत धरायला काहीतरी लागतं, बारीक तुकडे नेमके जोडायचं कसब नंतर येतं.

आणि दोन्ही एकमेकांवर बसतात, साधी वीट ड्युप्लोच्या डोक्यावर व्यवस्थित घट्ट बसते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. म्हणजे आज घेतलेले मोठे ब्लॉक मूल मोठं झालं तरी बाद होत नाहीत, बारीक ब्लॉकच्या घराचा पाया म्हणून चालतात. मात्र लगेच दोन्ही एकत्र करायला जाऊ नका, त्याचं कारण खाली येतंच.

दुसऱ्या कंपन्यांचेही मोठे ब्लॉक मिळतात आणि काही खूप छान असतात, पण ते तुमच्याकडच्या ब्लॉकवर बसतात का हे आधी बघा. ते एकदम मोठे, उंच, आतून पोकळ आणि हलके ठोकळे असतात ना, वर्षाच्या बाळासाठी म्हणून मिळतात, ते ड्युप्लोवर बसत नाहीत, दोन्ही एका डब्यात टाकले तर मूल जोर लावून लावून वैतागतं आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. ठेवायचे तर वेगळ्या डब्यात.

वयाचा हिशोब ढोबळमानाने असा. दीड ते तीन फक्त मोठे ब्लॉक. तीन ते चार, मोठेच, पण गाड्या जरा गुंतागुंतीच्या. चारच्या पुढे बारीक ब्लॉक सुरू करायला हरकत नाही, त्यातही सुरुवातीला ज्या गाड्यांचा खालचा सांगाडा चाकांसकट एकाच तुकड्यात येतो अशा घ्या.

घशात अडकण्याचा विषय

हा भाग मी वरवर सांगणार नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक चाचणी असते, एक छोटी नळी, ३१.७ मिलिमीटर व्यासाची आणि तळ तिरका, खोली एका बाजूला साधारण २५ मिलिमीटर, दुसरीकडे ५७. खेळण्याचा एखादा तुकडा तिच्यात न दाबता पूर्ण मावला तर तो धोकादायक. ड्युप्लोची सगळ्यात नेहमीची छोटी वीट, २ बाय २ ची, म्हणजे दोन रांगांत दोन-दोन स्टडची, ती दोन्ही बाजूंनी जवळजवळ ३२ मिलिमीटर असते आणि त्या नळीत जात नाही. साध्या बारीक विटा मात्र त्यात किती तरी मावतील.

घरी ती नळी नसते, पण टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, ती थोडी जास्तच रुंद असते आणि ते आपल्या फायद्याचंच आहे. त्यातून जो तुकडा पडतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. घरात मोठं भावंड असेल तर खरा त्रास इथेच होतो, कारण त्याचे बारीक ब्लॉक, छोटी माणसं, त्यांचे हेल्मेट, छोटी टायरं, हे सगळं जमिनीवरच असतं. आमच्याकडे मोठ्याचे ब्लॉक टेबलावर आणि धाकटीचे जमिनीवर असा नियम आहे आणि टेबलावरून काही पडलं की मोठा स्वतः ओरडतो "पडलं!" आणि सगळे शोधायला लागतात.

सेलवर चालणारी, आवाज करणारी गाडी असेल तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का आणि तो घट्ट बसलाय का ते बघा. बटणाएवढा चपटा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते, शंका जरी आली तरी वाट न बघता सरळ हॉस्पिटल. सुटी लोहचुंबकं पण तशीच, एकापेक्षा जास्त गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना चिकटतात. माझं मत विचाराल तर लहानपणीच्या गाडीला सेल लागतच नाही, आवाज मूल स्वतः काढतं आणि तोच चांगला असतो.

काय काय गोळा करायचं

मोठा सेट लागत नाही. एका गाडीसाठी चाकांचा एक तयार बेस, म्हणजे सपाट पाट्यासारखा तुकडा, खाली चार चाकं, वर स्टडच्या दोन रांगा. रांगेत चार स्टड असले तर त्याला २ बाय ४ म्हणतात, सहा असले तर २ बाय ६. मला सहावाला जास्त आवडतो कारण त्यात पुढे केबिन आणि मागे माल ठेवायला जागा दोन्ही होतं. त्यासोबत २ बाय ४ च्या चार-पाच विटा आणि २ बाय २ च्या सहा-सात. बास. आणि शक्य असेल तर बेस दोन घ्या, एकच घेऊ नका. एकच बेस असला की मूल गाडी बनवतं तेव्हा तुम्ही नुसते बघत बसता किंवा त्याच्या हातातला ओढता. दोन असले की तुम्ही शेजारी बसून तुमची बनवता, ते बघतं, त्याची बनवतं. न बोलता शिकवायचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

कुणाचे वापरलेले ब्लॉक मिळाले तरी मजेत घ्या, हे प्लास्टिक दणकट असतं, लेगोच्या विटा १९६३ पासून एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकच्या करतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. फक्त प्रत्येक वीट उजेडात धरून कोपऱ्याला तडा आहे का बघा, तडा गेलेली वीट पकड धरत नाही आणि तुटली तर धार येते. दातांनी चावलेल्या कडांवर बोट फिरवा, टोचत असेल तर बाजूला काढा. मग दोन विटा जोडून वरची धरून उचला आणि हलवा, खालची पडली तर पकड गेली, ती वीट फक्त गाडीवर ठेवायचा माल म्हणून वापरा.

चाकं वेगळी तपासा. बेस उलटा करा, चारही चाकांना बोटाने टिचकी मारा, सगळी सारखी फिरली पाहिजेत. एक जरी अडत असेल तर गाडी त्या बाजूला वळत राहते.

पहिली गाडी, पाच तुकड्यांची

आता प्रत्यक्ष बनवूया. २ बाय ६ चा बेस समोर घ्या, पुढची बाजू डावीकडे धरू.

पहिला थर: पुढच्या टोकाला २ बाय २ ची एक वीट, तिला चिकटून मागे २ बाय ४ ची. दोन अधिक चार, सहा, बेस पूर्ण झाकला गेला.

दुसरा थर: इथेच सगळी मेख आहे. आता २ बाय ४ ची वीट पुढून लावा. म्हणजे खालच्या थरात जिथे दोन विटा एकमेकींना भेटतात तो सांधा या विटेच्या पोटाखाली येतो. गवंडी भिंत बांधताना वरची वीट खालच्या दोन विटांच्या मधोमध ठेवतो की नाही, सांध्यावर सांधा येऊ देत नाही, अगदी तेच. याच थरात जर तुम्ही परत पुढे २ बाय २ लावली असती तर पुढे एक सुटा खांब उभा राहिला असता आणि पहिल्याच धक्क्यात आडवा झाला असता. आता ती वरची वीट खालच्या दोघींना धरून ठेवते.

तिसरा थर: सगळ्यात पुढे २ बाय २, ही केबिनचं टप. झाली गाडी. पुढे उंच, मध्ये एक पायरी, मागे खाली सपाट जागा, बाजूने बघितली तर ट्रक दिसतो. मागच्या त्या जागेवर अजून एक २ बाय २ ठेवा, हा माल. मुलाला सांगायचं, आता हे सामान त्या कोपऱ्यात पोचवून ये. विश्वास ठेवा, हे एक वाक्य अर्धा तास पुरतं.

बेस धरून पाच तुकडे, मालासकट सहा. बेसची लांबी स्टडच्या हिशोबाने साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास आणि वर चढवलेले तीन थर पावणेसहा. तीन थर ही माझी मर्यादा आहे, यापेक्षा उंच केली की टपाला धरून रेटल्यावर पुढची चाकं रुततात, मागची उचलतात आणि गाडी नाकावर पडते. मूल म्हणेल अजून उंच कर, तर करा, त्याला पडताना बघू दे, मग दोघं मिळून एक मजला काढा.

आता ही तोडून बघा. टपाला धरून ओढलं की सगळ्यात आधी वरची २ बाय २ निघते, खालच्या दोन थरांना काही होत नाही. ती वीट मूल उचलतं आणि परत तिथेच लावतं कारण दुसरी जागा डोळ्याला चुकीची दिसते. हेच हवं होतं. एकच तुकडा सुटतो, एकाच जागी बसतो, गाडी परत सुरू.

द्यायच्या आधी तीन परीक्षा

पहिली, स्वतः मुलासारखं वागा. पंजा टपावर, जोर लावून, दोन हात अंतर रेटा, मग झटकन उलटी दिशा. टप निघालं तर चालेल, मधला थर निघाला तर बांधणी बदला.

दुसरी, गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. तीन तुकड्यांपेक्षा जास्त तुकडे झाले तर मुलाला एकट्याला परत जोडणं जड जाईल, मग विटांची संख्या कमी करा, छोट्या दोन काढून मोठी एक लावा.

तिसरी, उतार. एखादी फळी किंवा जाड पुठ्ठा दोन पुस्तकांवर टेकवा आणि गाडी वरून न ढकलता सोडा. सरळ खाली आली पाहिजे. तिरकी गेली तर चाक अडतंय, उलटली तर वजन वर जास्त झालंय. ही परीक्षा म्हणून सुरू करा पण तो उतार मग काढूच नका, कारण मुलाला गाडीपेक्षा उतार जास्त आवडतो, आणि हळूहळू ते स्वतःच पुस्तकं वाढवून बघायला लागतं की आता किती लांब जाते. सतरंजीवर छोटी चाकं रुततात, तिथे मोठ्या चाकांचा ट्रॅक्टरचा बेस असेल तर तो वापरा, बाकी फरशी उत्तम.

याच बेसवर बाकीच्या गाड्या

एकदा ते सांधा झाकायचं कळलं की पुढचं हाताला आपोआप येतं.

बस करायची तर पहिला थर तसाच, २ आणि ४. दुसऱ्या थरात आधी ४ मग २. तिसऱ्यात परत २ आणि ४. प्रत्येक थरात सांधा पुढे-मागे सरकतो आणि अख्खी पेटी एकजीव होते. ही माझ्या मते सगळ्यात मजबूत गाडी, हिला फेकली तरी क्वचित सुटते, दीड वर्षाच्या मुलाला हीच द्या.

डंपरसाठी मागे विटा लावायच्याच नाहीत, फक्त केबिन दोन थरांची पुढे, आणि मागे एखादा ट्रेसारखा तुकडा असेल तर तो. केबिन इथे सुटा खांबच होते, दुसरा पर्याय नसतो, म्हणून तिला दोन थरांच्या वर नेऊ नका.

रेल्वे म्हणजे दोन-तीन छोटे बेस एकामागे एक. डबे जोडायला हुक असलेले बेस मिळतात, ते घ्या. दोरीने बांधायचं बऱ्याच जणांना सुचतं पण लांब दोरी लहान मुलाच्या खेळण्यात नको, गळ्याभोवती गुंडाळली जाते. दोनापेक्षा जास्त डबे अडीच वर्षांच्या मुलाला ओढता येत नाहीत, वळणावर सुटतात आणि चिडचिड होते, म्हणून एक इंजिन एक डबा, पुढचं नंतर.

आणि एक, मुलाने बनवलेली गाडी अजिबात गाडीसारखी दिसत नसेल, बेसवर नुसता एक उंच मनोरा असेल, तरी ती गाडीच आहे. माझी भाची तिसऱ्या वर्षी बेसच्या फक्त एका टोकाला सात विटा चढवायची आणि म्हणायची, "मावशी, हा जिराफ बसलाय गाडीत." मी हात लावला नाही. दोन आठवड्यांनी तिनेच जिराफाला मधोमध बसवलं कारण टोकाला बसवलं की गाडी उलटायची. गुरुत्वमध्य हा शब्द तिला शाळेत कधीतरी भेटेल, ती गोष्ट तिच्या हाताला आधीच माहीत असेल.

मुलासोबत बसताना

सुरुवातीला मूल बनवणार नाही, मोडणार. दीड-पावणेदोन वर्षांपर्यंत हाच मुख्य खेळ असतो, तुम्ही लावायचं त्याने काढायचं, आणि काढणं हे पण शिकणंच आहे, कुठे धरून ओढलं की सुटतं हे बोटं शिकत असतात. त्या वयात सर्वसाधारणपणे तीन-चार ठोकळे एकावर एक ठेवता येतात, दोन वर्षांपर्यंत पाच-सहा, तीनपर्यंत नऊ-दहा. कुणाचं लवकर कुणाचं उशिरा, तुलना करत बसू नका.

मी करते ते असं की गाडी पूर्ण बनवायची पण शेवटची वीट लावायची नाही. ती वीट मुलाच्या हातात द्यायची आणि थांबायचं. तुम्ही बोट दाखवू नका, फक्त थांबा, दहा-पंधरा सेकंद खूप मोठे वाटतात पण थांबा. वीट तिरकी बसते, परत काढतं, फिरवतं, आणि मग तो आवाज येतो बसल्याचा, टक, आणि ते मान वर करून तुमच्याकडे बघतं. पुढच्या वेळी शेवटच्या दोन विटा त्याच्या, मग तीन. आणि एक दिवस नुसता बेस द्यायचा.

वीट बसत नसेल तर बहुतेक वेळा जोर कमी पडत नसतो, वीट अर्ध्या स्टडने सरकलेली असते. "दाब दाब" म्हणण्यापेक्षा "थोडी सरकव" म्हणा.

तीन वर्षांच्या पुढे फोटोचा खेळ करता येतो. गाडी बनवताना प्रत्येक थराचा मोबाइलवर एक फोटो घ्या, सरळ वरून नाही, थोडा कोनातून, म्हणजे उंची दिसते. मग गाडी मोडा आणि मुलाला एकेक फोटो दाखवत परत बनवू द्या. रंग प्रत्येक थराला वेगळा ठेवलात तर खूप सोपं जातं, खालचा लाल, मधला पिवळा, वरचा निळा. छापील कागदावरून सेट बनवायची ही पूर्वतयारीच आहे.

आणि दर वेळी नवीन गाडी दाखवायची घाई करू नका. दोन बाय चारच्या एकाच रंगाच्या फक्त दोन विटा २४ वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात, सहा विटा घेतल्या तर तो आकडा ९१ कोटींच्या वर जातो. पाच-सहा तुकड्यांत मुलाला खूप काही करायला असतं.

बारीक ब्लॉकवर जाताना

चारच्या आसपास मुलाला मोठ्या ब्लॉकच्या गाड्या बाळाच्या वाटायला लागतात, तेव्हा इकडे या. चाकांसकट एकसंध सांगाडा असेल तर वरचा नियम तसाच लागू. तो नसेल तर सांगाडा आपण करायचा आणि तिथे नवीन लोक हमखास एक चूक करतात, सगळ्या पातळ पट्ट्या एकाच दिशेने लावतात. गाडी मध्ये वाकते आणि दोन तुकडे होतात.

बारीक ब्लॉकमध्ये विटेच्या एक तृतीयांश जाडीच्या पट्ट्या असतात, तीन एकावर एक ठेवल्या की एका विटेएवढी उंची. खालचा थर लांब पट्ट्यांचा, गाडीच्या लांबीत, शेजारी शेजारी दोन. त्यावरचा थर आडव्या पट्ट्यांचा, रुंदीत, दोन्ही लांब पट्ट्यांना बांधणारा. प्लायवूडमध्ये लाकडाचे पापुद्रे आलटून पालटून लावलेले असतात तसं. असे दोन थर झाले की तो पाटा हातात धरून हलकासा पिळून बघा, कुरकुरला नाही तर चाकं लावा. चाकांच्या जोड्या अगदी टोकाला नको आणि मधे जवळजवळ पण नको, पुढून-मागून एकेक स्टड आत ठेवल्या की गाडी स्थिर राहते आणि उतार चढताना नाकही आपटत नाही.

मग वर तेच, आधी मोठ्या विटा सांधा झाकत, आणि दिवे, आरसे, स्टिअरिंग हे नाजूक काम एकदम शेवटी. ते पडणारच आहे, पडू दे, त्यासाठी एक छोटी वाटी शेजारी ठेवा.

दोन पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटून बसल्या की मुलं दात लावतात. मोठ्यांनीही लावू नयेत. वरच्या पट्टीवर एक मोठी वीट घट्ट बसवा, खालची धरा, आणि वरची वीट एका बाजूला झुकवा, पट्टी विटेसोबत उचलून येते. मुलाला ही युक्ती एकदा दाखवलीत की ते दिवसभर हेच करतं.

धुणं आणि चाकं

तोंडात जाणारी खेळणी म्हणजे धुवावी लागणारच. कोमट पाणी, ४० अंशांच्या आत, साधा सौम्य साबण, जुना टूथब्रश, हाताने. वॉशिंग मशीन नको, डिशवॉशर नको, गरम पाण्याने वीट किंचित वाकली तरी पकड कायमची जाते. कडक उन्हात वाळत घालू नका, उन्हाने पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात, सावलीत कपड्यावर स्टड खाली करून पसरा म्हणजे आतलं पाणी वाळतं. चाकांचे बेस बुडवायचे नाहीत, काहींना आतून धातूची दांडी असते, पाणी साचलं की गंजते आणि चाक जाम होतं, ते ओल्या फडक्याने पुसा. सेलवाले तुकडे तर पाण्याजवळ न्यायचेच नाहीत.

सगळ्यात जास्त गाड्या बंद पडतात त्या केसांमुळे. जमिनीवरचा एकेक केस दांडीवर गुंडाळत जातो आणि दोन महिन्यांत गाडी ढकलली तरी घसटत जाते, मग मूल ती बाजूला टाकतं आणि आपल्याला वाटतं त्याचा गाड्यांचा नाद संपला. बेस उलटा करा, चाक आणि पाट्याच्या फटीत बारीक चिमटा घालून केसाचं टोक पकडा आणि चाक उलटं फिरवत ओढा, एकदम नाही, हळूहळू, सगळी गुंडाळी बाहेर येते. अडकली असेल तर बारीक कात्रीच्या टोकाने एका जागी कापा. तेल घालू नका, तेलावर धूळ बसते आणि ते मुलाच्या हातातून तोंडात जातं. मग चाकाला टिचकी मारा, मोकळं फिरलं की गाडी परत डब्यात वरच्या बाजूला ठेवा, जिथे त्याला आधी दिसेल.